सिंहासाठी राखलेले रान

सौराष्ट्रात तालाळ्याहून सासणकडे जाणारा रस्ता केसर आंब्याच्या बागांमधून जातो, आणि सिंह हा घनदाट अरण्याचा अधिपती असे बालपणापासून वाचीत आलेल्या प्रवाशाला त्या बागेचा राखणदार जेव्हा काल रात्री सिंहीण आपल्या छाव्यांसह कोणत्या झाडाखाली बसली होती ते अगदी सहजपणे दाखवितो, तेव्हा त्या वाचनाचा फारसा उपयोग उरत नाही. राखणदाराच्या स्वरात भय नव्हते. उलट सिंहाचा वावर असला म्हणजे नीलगाय आणि रानडुक्कर शेतात शिरत नाहीत, असा त्याचा रोकडा हिशेब होता. २०२५ च्या गणनेत गुजरातेत ८९१ सिंह मोजले गेले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक गीरच्या अभयारण्याबाहेर, अमरेली-भावनगरच्या शेतांत, नदीकाठच्या झाडोऱ्यांत आणि समुद्रकाठच्या बाभुळवनांत आढळले, हे कागदावर वाचलेले असूनही बागेतल्या ओल्या मातीवरचा पंजाचा ठसा पाहिल्यावाचून मनाला पटले नव्हते.

एके काळी इराणपासून बिहारपर्यंत पसरलेला हा आशियाई सिंह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात केवळ जुनागढच्या मुलखात उरला. नवाबाने त्याच्या शिकारीस बंदी केली, लॉर्ड कर्झन यांनीही १९०० साली तेथे येऊन शिकार न करता संरक्षणाचा सल्ला दिला, आणि संस्थानी अभिमान व दरबारी हुकूम यांच्या आश्रयाने मूठभर जनावरे वाचली. आज जे वैभव दिसते त्याच्यामागे आणखी एक प्रकरण आहे, त्याचा उच्चार मार्गदर्शक क्वचितच करतात. १९७२ नंतर गीरच्या आतील नेसांतून, म्हणजे मालधारी पशुपालकांच्या काटेरी कुंपणाच्या वस्त्यांतून, शेकडो कुटुंबे बाहेर हलविण्यात आली. म्हशींचे कळप कमी झाले तसे गवत वाढले, गवताबरोबर चितळ वाढले आणि चितळांबरोबर सिंह. काही नेस अजून आत आहेत आणि तेथल्या जाफराबादी म्हशींच्या शिंगांचा घेर पाहिला म्हणजे सिंहालाही दोनदा विचार करावा लागत असेल असे वाटते.

परंतु घरची सारी पुंजी एकाच मडक्यात पुरून ठेवावी तशी ही स्थिती आहे, आणि शास्त्रज्ञांची चिंता तेथेच सुरू होते. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीत कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाने सुमारे हजार सिंह, म्हणजे तेथील जवळजवळ एकतृतीयांश, थोड्याच महिन्यांत मेले. २०१८ च्या सप्टेंबरात त्याच रोगाने गीरच्या पूर्वेकडील दलखाणिया परिसरात वीसहून अधिक सिंह दगावले आणि अमेरिकेहून लस मागवावी लागली. साथ पुढे पसरली नाही. गीरहून पश्चिमेस, पोरबंदरजवळच्या बरडा डोंगरात २०२३ साली एक सिंह स्वतः चालत गेला. १८७९ नंतर तेथे सिंह दिसल्याची ती पहिलीच वेळ, आणि गुजरातने बरड्याला सिंहाचे दुसरे घर म्हणून घोषित केले. मी तेथे अर्धा दिवस फिरलो. डोंगर देखणा आहे, परंतु जेमतेम दोनशे चौरस किलोमीटरांचा, आणि गीरपासून शंभरेक किलोमीटरांवर. एका घरातली साथ दुसऱ्यात पोचू नये म्हणून जे अंतर हवे ते हे नव्हे.

दुसऱ्या घराची कल्पना नवी नाही. १९५७ साली एक सिंह आणि दोन सिंहिणी गीरहून काशीजवळच्या चंद्रप्रभा अभयारण्यात नेऊन सोडल्या होत्या. आठ वर्षांत त्यांची संख्या ११ झाली, आणि नंतर ते सारे नाहीसे झाले. त्यांना कोणी मारले, की विष घातले, की उपासमारीने ते पांगले, याची नोंद दप्तरात नाही, कारण त्यांच्यावर नजर ठेवण्याची तजवीजच कोणी केली नव्हती. अभयारण्य शंभर चौरस किलोमीटरांहूनही लहान आणि गुराख्यांनी गजबजलेले होते. स्थळनिवडीच्या विद्येला या देशात आरंभ झाला तो या अपयशापासून, असे म्हटले तरी चालेल.

पुढे सिंहाचे दुसरे घर म्हणून निवडल्या गेलेल्या मध्य प्रदेशातील कुनोच्या रानाकडे जाण्यासाठी ग्वाल्हेरला उतरल्यावर मराठी प्रवाशाला परके वाटत नाही. येथे शिंद्यांचा दरबार होता, आणि शहरातल्या जुन्या वाड्यांतून अजून गणपती बसतात. या दरबाराने श्योपूरच्या दुर्गम मुलखाकडे दोन फुटी रुळांची जी चिमुकली आगगाडी नेली, ती सुमारे दोनशे किलोमीटर धावत असे. २०२० मध्ये ती बंद पडली आणि आता तेथे रुंद मार्गाचे काम चालू आहे. मात्र मला कुतूहल होते ते दरबाराच्या दुसऱ्या एका उपक्रमाचे. विसाव्या शतकाच्या आरंभी माधवराव शिंदे यांनी, कर्झन यांच्या सूचनेवरून असे सांगतात, आफ्रिकेतून सिंह आणविले, श्योपूर-शिवपुरीच्या रानात डोबकुंडाजवळ उंच भिंतींची आवारे बांधून त्यांत त्यांना वाढविले आणि पुढे मोकळे सोडले. भिंतींच्या आत बांधून घातलेल्या सावजावर पोसलेल्या त्या जनावरांनी जंगलातले सांबर धरण्याऐवजी गावची गुरे आणि लवकरच माणसेही धरली. रयतेची ओरड दरबारापर्यंत पोचली, आणि ज्या बंदुका त्यांच्या संरक्षणासाठी होत्या त्यांनीच त्यांचा शेवट केला. म्हणजे कुनोच्या परिसरात सिंह आणण्याचा विचार झाला तेव्हा या मातीला त्या प्रयोगाचा एक अनुभव आधीच आलेला होता, ही गोष्ट मला तेथे जाईपर्यंत ठाऊक नव्हती.

शिवपुरीवरून पोहरीमार्गे पुढे गेले की मुलूख हळूहळू कोरडा होत जातो. विंध्य पठाराचा वालुकाश्म येथे पत्र्यांसारख्या थरांनी उघडा पडला आहे. घरांची छपरेही त्याच फरश्यांची, कुंपणेही त्यांचीच. सेसईपुऱ्याजवळ रस्ता कुनो नदी ओलांडतो. ही नदी उत्तरेकडे वाहत चंबळेस मिळते आणि वैशाखातही तिच्या डोहांत पाणी राहते. या रानाचे सारे जीवित त्या डोहांवर अवलंबून आहे. टिकटोली दरवाजातून आत शिरताना उन्हाळा ऐन भरात होता आणि दोन्ही बाजूंना करधईची झाडे निष्पर्ण, राखी, मेल्यासारखी उभी होती. सोबतच्या वनरक्षकाने सांगितले की ही झाडे पावसाची वाट पाहत नाहीत. ज्येष्ठाच्या अखेरीस हवेत नुसता दमटपणा आला की पहिला थेंब पडण्यापूर्वीच त्यांना पालवी फुटते. करधई, खैर, सालई, आणि त्यांच्यामध्ये पसरलेली गवताळ मैदाने, असे या वनाचे स्वरूप आहे.

हेच रान का निवडले, हा प्रश्न येथे येणाऱ्या प्रत्येकाने विचारावा असा आहे. १९९३ ते १९९५ या काळात डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या रवि चेल्लम प्रभृती संशोधकांनी सिंहाच्या जुन्या मुलखातील जागा पायी हिंडून तपासल्या. त्यांत राजस्थानातील दरा-जवाहरसागर आणि सीतामाता ही अभयारण्येही होती. अशी तपासणी करणारा माणूस प्रथम वाघसिंहांकडे पाहतच नाही. तो ठरलेल्या सरळ वाटेने पहाटे चालतो, दिसलेले प्रत्येक चितळ, सांबर, नीलगाय मोजतो, वाटेपासूनचे त्यांचे अंतर टिपतो आणि त्यावरून एका चौरस किलोमीटरात किती सावज आहे याचा अदमास बांधतो. मग मे महिन्यात पाणी कोठे उरते, सभोवतालचे जंगल किती दूरवर सलग आहे, गावे किती, गुरे किती, कुत्री किती, आणि मूळ जनावर ज्या कारणाने येथून नाहीसे झाले ते कारण आज शिल्लक आहे की नाही, हे पाहतो. या शेवटच्या कलमावर जागतिक निसर्ग संरक्षण संघाच्या नियमावलीचा विशेष भर आहे, आणि ते योग्यच आहे, कारण ज्या बंदुकीने सिंह संपविला ती तशीच भरलेली असेल तर नवा सिंह आणणे म्हणजे तिला सावज पुरविणे होय. सर्व बाजूंनी कुनो सरस ठरले. अभयारण्य ३४५ चौरस किलोमीटरांचे होते, परंतु भोवतालचे वन धरून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरांचा विभाग करता येण्याजोगा होता, आणि नदी होती. एकच उणीव होती: आत २४ गावे होती.

ती गावे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढील काही वर्षांत उठविण्यात आली. सुमारे दीड हजार कुटुंबे, बहुतेक सहरिया आदिवासी. त्यांच्या सोडलेल्या शेतांवरून आमची गाडी जात होती, आणि या प्रवासातले सर्वांत मोठे आश्चर्य मला येथे भेटले. कुनोतले उत्तम गवत आणि चितळांचे मोठे कळप हे अनादि अरण्यात नाहीत; ते नेमके या जुन्या गावांच्या जागी आहेत. नांगराने पिढ्यान् पिढ्या दगड वेचून काढलेली ती सपाट जमीन, बुजलेल्या विहिरी, एखादा चौथरा, एखादे लिंबाचे झाड, आणि त्यांच्या सभोवार छातीइतके गवत. जंगल म्हणून ज्याचे आपण कौतुक करतो ते येथे शेतकऱ्याच्या श्रमाचे दान आहे. गावकऱ्यांनी मागे ठेवलेली गुरेही रानटी होऊन कित्येक वर्षे या गवतात हिंडत होती, आणि सिंह आले की आरंभी त्यांना ती उपयोगी पडतील असा योजनाकारांचा हिशेब होता. नदीच्या काठावर पालपूरच्या जहागीरदारांची गढी आहे. बुरूज अजून ताठ आहेत.

उद्यानाच्या दुसऱ्या अंगास, विजयपूर तालुक्यात आगरा नावाच्या गावाच्या आसपास ही गावे नव्याने वसली आहेत, आणि आपल्या जुन्या गावांची नावे त्यांनी बरोबर आणली आहेत. प्रत्येक कुटुंबास दोन हेक्टर जमीन आणि एक लाख रुपयांची सरकारी योजना, असा कागदावरचा मोबदला होता. एका म्हाताऱ्या सहरिया गृहस्थाने खाटेवर बसवून घेऊन मला त्याचा दुसरा जमाखर्च सांगितला. रानात असताना सालईचा डिंक, चारोळी, तेंदूपाने आणि मध यांवर वर्षातले कित्येक महिने निघत. सालईची कोणती झाडे कोणत्या घरची, ही वाटणी बापजाद्यांपासून चालत आलेली, सरकारी मोजणीत कोठेही न लिहिलेली, तरी कोणी न मोडलेली अशी वहिवाट होती. नव्या जमिनीत दगड फार, पाणी खोल, आणि डिंक देणारी झाडे दूर. “वहाँ उधार नहीं लेना पड़ता था, बाबूजी,” एवढेच तो म्हणाला. अस्मिता काबरा यांनी या पुनर्वसनाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे, आणि वनोपजाचे उत्पन्न गेल्यामुळे ही कुटुंबे मजुरीसाठी दूर भटकू लागली, हा त्यांचा निष्कर्ष म्हाताऱ्याच्या एका वाक्याहून फारसा वेगळा नाही. म्हाताऱ्याने पुढे विचारले की ज्या सिंहासाठी आम्हांस उठविले तो आला का. मी नाही म्हणालो; त्याला ते ठाऊकच होते, केवळ माझ्या तोंडून वदवून घ्यायचे होते.

सिंह आला नाही, कारण स्थळाची परीक्षा घेणाऱ्यांच्या कोष्टकात एक रकाना नव्हता. जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याची देण्याची इच्छा आहे काय, हे कोणी मोजले नव्हते. गुजरात सरकारने सिंह हा आमचा अभिमान म्हणून देण्याचे टाळले; सावज अपुरे आहे, उन्हाळा कडक आहे, रणथंभोरकडून वाघ येतात, अशा एकामागून एक हरकती निघाल्या, आणि त्यांतील काही अगदीच निराधार नव्हत्या. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत सिंह कुनोत हलवावेत असा निकाल दिला. त्याच निकालात आफ्रिकी चित्ता कुनोत आणण्याचा बेत न्यायालयाने रद्द केला होता. नंतर २०२० च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने चित्त्याला प्रयोग म्हणून अनुमती दिली, आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून बारा चित्ते या रानात उतरले. पालपूरच्या जहागीरदार घराण्यातील वंशजांनी तेव्हा न्यायालयात धाव घेतली. आमची भूमी सिंहासाठी घेतली होती, चित्त्यासाठी नव्हे, असे त्यांचे म्हणणे.

चित्त्याच्या बाजूनेही स्थळनिवड झाली होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. १९५२ साली तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले, आणि २०१० मध्ये रणजितसिंह व झाला या तज्ज्ञांनी दहा जागा तपासून कुनो, नौरादेही आणि जैसलमेरचे शाहगड या तिघांची शिफारस केली. वाद आहे तो क्षेत्राचा. आफ्रिकेतील मोकळ्या माळांवर शंभर चौरस किलोमीटरांत जेमतेम एक चित्ता असतो, मग कुंपण नसलेल्या ७४८ चौरस किलोमीटरांच्या उद्यानात वीस कसे राहतील, असा काही जीवशास्त्रज्ञांचा आक्षेप होता. आणि चित्ते खरोखरच शेते, गावे आणि राज्याच्या सीमा ओलांडून भटकू लागले, त्यांना बेशुद्ध करून परत आणावे लागले. बिबट्यांची दाटीही येथे मोठी आहे. परंतु चित्ते मरण्याचे जे एक कारण पुढे आले ते निराळेच होते, त्याची कोणीच अपेक्षा केली नव्हती. दक्षिण गोलार्धात जून ते ऑगस्ट हा हिवाळा असतो. तेथे जन्मलेल्या चित्त्यांच्या अंगाने आपले पंचांग बदलले नाही, आणि २०२३ च्या पावसाळ्यात, मध्य भारतातल्या दमट उकाड्यात, त्यांना दाट हिवाळी केस आले. गळ्यातल्या रेडिओ पट्ट्याखाली ते केस ओले राहिले, कातडी चिघळली, जखमांत माश्यांच्या अळ्या पडल्या आणि रक्तदोषाने काही चित्ते मेले. तृण, तोय आणि सावज यांची मोजदाद करणाऱ्या शास्त्राने ऋतूची मोजदाद केली नव्हती. वनरक्षकाने त्या महिन्यांतील रात्रपाळ्यांचे वर्णन केले तेव्हा त्याच्या बोलण्यात पहिल्यांदाच साहेबी भाषा गळून पडली.

कुनोहून चित्त्यांच्या दुसऱ्या घराकडे, गांधीसागरकडे जाताना मी मुद्दाम कोट्याहून दऱ्याच्या घाटाची वाट धरली. १८०४ साली यशवंतराव होळकरांनी कर्नल मॉन्सनच्या पलटणीला याच मुकुंदऱ्याच्या खिंडीतून पळता भुई थोडी केली होती. सिंहाच्या निवडीत मागे पडलेले दऱ्याचे रानही हेच. पुढे येथे व्याघ्रप्रकल्प झाला, २०१८ पासून वाघ आणून सोडले, आणि दोनेक वर्षांतच त्यांतील काही दगावले, एक बेपत्ता झाला. खिंड अरुंद, तिच्यातूनच रेल्वे आणि हमरस्ता. दोन भिंतींमधल्या त्या चिंचोळ्या पट्ट्यात चार वाघ तरी निवांत कसे राहावेत, हे एकदा गाडीतून पाहिले की कळते. घाट उतरून भानपुऱ्यास गेलो. यशवंतराव येथेच १८११ साली निवर्तले आणि त्यांची छत्री येथे आहे. भोवती माळव्याची काळी जमीन आणि अफूची शेती.

गांधीसागरचे पठार भानपुऱ्याच्या पलीकडे चंबळेच्या जलाशयावर उघडते. धरण १९६० मध्ये पुरे झाले आणि त्याच्या पाण्याखाली कित्येक खेडी गेली. त्या पाण्याकाठचे उथळ मातीचे, विरळ झाडांचे, दूरवर नजर पोचणारे माळरान चित्त्याला कुनोपेक्षा अधिक साजेसे आहे, असे पाहताक्षणीच वाटले, जरी अशा पाहताक्षणीच्या मताला स्थळनिवडीत काही किंमत नसते. येथे ६४ चौरस किलोमीटरांना कुंपण घातले आहे, आणि २० एप्रिल २०२५ रोजी कुनोतील प्रभास व पावक हे दोन नर चित्ते मोटारीने आणून त्यांत सोडले. त्याआधीची तयारी ऐकून मी चकित झालो. कुंपणाआड अडकलेले बिबटे एकेक करून बाहेर काढावे लागले. सावज कमी म्हणून इतर अरण्यांतून चितळ ट्रकांत भरून येथे आणले गेले, म्हणजे एका जनावराच्या स्थलांतरासाठी दुसऱ्या जनावरांचे स्थलांतर आणि तिसऱ्याची हकालपट्टी. चितळ हे भित्रे जनावर, ट्रकात चढविताना दचकून मरते. म्हणून त्याला पकडण्यासाठी कापडी भिंतींचे नरसाळे उभारून हळूहळू हाकीत नेण्याची आफ्रिकी रीत येथल्या वनखात्याने आता आत्मसात केली आहे.

जवळच चतुर्भुज नाला आहे. त्याच्या दोन्ही काठांच्या खडकांवर मैलभर चित्रे काढलेली आहेत. शिकारी, बैल, हरणे, रथ. त्यांत चित्ता आहे की बिबट्या, यावर आमच्या सोबत्यांत वाद झाला आणि तो मिटला नाही.

परतीच्या आधी वनकचेरीत पुढच्या स्थळांचा नकाशा पाहावयास मिळाला. नौरादेही त्यात होते, आणि कच्छमधील बन्नीचे गवताळ प्रदेशही होते. तेथे चित्त्यांच्या प्रजननासाठी केंद्र उभे राहत आहे. बन्नी गुजरातेत आहे. मध्य प्रदेशास सिंह न देणारे राज्य चित्त्याचे यजमान होण्यास सज्ज झाले आहे, आणि सिंहासाठी २४ गावे उठविणारा श्योपूर जिल्हा चित्त्याच्या पाहुणचारात गुंतला आहे. २०१३ चा निकाल मात्र रद्द झालेला नाही. त्याची अंमलबजावणी तेवढी बाकी आहे, असे तेथल्या अधिकाऱ्याने चहाचा पेला पुढे सरकवीत सांगितले.